सुपारीचा उंट

पास्कू फर्नांडिसने पट आणला तो मासळीच्या टोपलीतून,
वर केळीचं पान झाकून.
जहाजावरच्या मुलाने पाठवलेला.
आठवडाभर त्याची एकच ओरड चालू होती:
चूक. चूक. चूक.

मी वेंगुर्ल्याच्या बंदरावर
ट्रॉलरचे फिश फायंडर दुरुस्त करतो.
पाण्याला हाक मारायची, परत येईल ते ऐकायचं,
एवढंच मला येतं.

स्क्रू काढले.
प्रत्येक घराखाली काचेची एक नळी,
तांदळाच्या दाण्याहून जरा लांब,
आत पत्र्याच्या दोन जिभा,
जवळ, पण न लागता.
सोंगटीच्या बुडाला चुंबक.
सोंगटी ठेवली की जिभा चिकटतात,
उचलली की सुटतात.
आहे किंवा नाही. तिसरा शब्द नाही.

नळीची दोन्ही तोंडं वितळवून बंद केलेली,
आतली हवासुद्धा इथली नव्हे.
या गावात बिजागऱ्या, कुलपं, सायकलींच्या साखळ्या,
माझा टेस्टर,
सगळं खारा वारा खाऊन बसलाय.
त्या जिभांना समुद्र माहीतच नाही.

"मगे हेका घोडो कोण नि हत्ती कोण, कळता कसां?"

कळत नाही, पास्कू.
त्याला फक्त आठवतं.
डाव मांडला तेव्हा कोण कुठे होतं,
तिथून कोण उठलं, कुठे जाऊन बसलं,
एवढ्या एका धाग्यावर तो बत्तीस नावं धरून असतो.
तुझ्या नातवाने गुपचूप दोन सोंगट्या बदलल्या
तर तो हत्तीला घोडा म्हणत राहील,
आणि हत्ती सरळ चालला की ओरडेल.

दोष एका नळीत होता.
काचेला केसाएवढी चीर, जिभा गंजून एक झालेल्या.
म्हणजे आठवडाभर तो सांगत होता
की त्या रिकाम्या घरात कुणीतरी बसलंय.
एका भंगारातल्या होडीच्या तळाशी
पाणी चढलं की बोंब मारणारं यंत्र होतं,
त्यातली नळी काढून इथे बसवली.

एक काळा उंट कमी होता.
"मांजरान व्हेलो," पास्कू म्हणाला, विषय संपला.
मी एक सुकी सुपारी घेतली,
तिच्याखाली इअरफोनमधलं चिमुकलं चुंबक चिकटवलं.
मोठं चुंबक चालत नाही,
ते शेजारच्या घरांनाही खोटं बोलायला लावतं.

पटाने सुपारी घेतली.
उंटाच्या जागी बसते, तिरकी जाते,
म्हणजे उंटच.

गोव्यात एका स्पर्धेत दुसऱ्या जातीचा पट पाहिला होता.
तिथे प्रत्येक सोंगटीच्या पोटात तांब्याचं वेटोळं,
आणि प्रत्येकीला नेमून दिलेला सूर.
काळ्या वजिराचा वेगळा, पांढऱ्याचा वेगळा,
सगळे मिळून बाराच.
पट एकेका घरात कुजबुज सोडतो, गप्प होतो,
आणि जिचा सूर जुळतो ती सोंगटी क्षणभर घुमत राहते.
तांडेल रात्री खडकावरच्या दिव्याच्या चमका मोजतो,
मधला काळोखही मोजतो,
मग सांगतो आपण कुठे आहोत, तसंच काहीसं.
त्या पटावर कालचं काही लक्षात ठेवावं लागत नाही.
त्या पटावर सुपारी म्हणजे रिकामं घर.

मला बंदरावर सगळे धाकू म्हणतात.
धाकू माझा मामा.
दुकान त्याचं, स्टूल त्याचं, सोल्डरिंगची काडीही त्याचीच.
तो गेला त्याच्या तेराव्या दिवशी दुपारी
एक खलाशी बंद पडलेला सेट घेऊन आला,
मी स्टुलावर बसलो होतो.
त्याने विचारलं, "धाकू, कधी देशील?"
मी म्हटलं, शुक्रवारी.
नाव दुरुस्त करायचं राहून गेलं.
सोळा वर्षं झाली.

बर्फाची गाडी आली, गेली.
पास्कूने डाव मांडला, मला पांढऱ्या दिल्या.
अठराव्या चालीला रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली,
"धाकू, ए धाकू!"

मी "ओ" दिली आणि मान वळवली.
परत पाहतो तर
माझ्या वजिराच्या घरात सुपारी.
पास्कू छपराकडे बघत होता.
पट गप्प होता,
त्याच्या लेखी सगळं बरोबर होतं.